गोळीच्या पाकिटावरचे आकडे आणि घरातला डबा

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत एकत्र कुटुंबात राहतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. घरात रोज कुणी ना कुणी गोळ्या-चॉकलेटं आणतंच. किराणावाला सुट्टे नाहीत म्हणून रुपयाऐवजी गोळी देतो, शाळेत प्रत्येक वाढदिवसाला वाटप असतं आणि मुलांचे काका रात्री कामावरून आले की खिशातून काहीतरी काढतातच. गेल्या महिन्यात जत्रेत मुलानं गुलाबी ‘म्हातारीचे केस’ खाल्ले आणि रात्री त्याच्या अंगावर पित्त उठलं. तेव्हापासून मला धास्तीच बसली आहे. मैत्रिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाकिटावर छापलेल्या ‘विषारी’ आकड्यांची लांबलचक यादी पाठवली. ती वाचून तर दुकानातलं काहीच द्यावंसं वाटेना. सासूबाई म्हणतात, “आमी काय गोळ्या खाल्ल्या न्हाईत व्हय? आमास्नी काय झालं?” मी सगळंच बंद करायला निघाले तर घरात वाद होतो आणि मुलगा लपून खातो. नक्की घाबरायचं कशाला? आणि घरी असं काय करता येईल, जे मुलं खरंच खातील?

उत्तर:

नमस्कार,

आधी मुलाच्या पित्ताबद्दल. एकदा पित्त उठलं म्हणजे ते रंगामुळेच उठलं, असं मी पत्र वाचून सांगू शकत नाही आणि तुम्हीही एवढ्यात तसं ठरवू नका. जत्रेत त्यानं आणखी काय खाल्लं असेल, एखादा किडा चावला असेल, अंगात बारीक ताप असेल. पित्त कशानंही उठतं. मात्र थोड्या मुलांना काही रंगांनी, विशेषतः टारट्राझिन नावाच्या पिवळ्या रंगानं, असा त्रास होतो हे डॉक्टरांना माहीत आहे. पुन्हा असं झालं तर आधीच्या चार-पाच तासांत त्यानं काय काय खाल्लं ते लिहून ठेवा, पाकिटं असतील तर त्यांचे फोटो काढा आणि ते घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. ओठ किंवा डोळे सुजले, श्वासाला घरघर लागली, तर लिहीत बसू नका. थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात न्या, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

त्या गुलाबी केसांबद्दल मात्र मी ठामपणे सांगते. रंगीत म्हातारीचे केस मुलांना देऊ नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुद्दुचेरी आणि तमिळनाडू सरकारनं त्यांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण तपासणीत त्यांत रोडामाइन-बी सापडलं. हा कापड रंगवायचा रंग आहे, खाण्याच्या परवानगी असलेल्या रंगांत तो बसतच नाही. जत्रेतल्या यंत्रातून निघणाऱ्या गुलाबी पुंजक्यात कोणता रंग आहे हे तुम्हाला, मला किंवा विकणाऱ्या पोरालाही बघून कळणार नाही. तेच केस पांढरे मिळाले तर ती नुसती साखर असते. जत्रेतल्या एका दिवसापुरती तेवढी चालेल.

आता सासूबाईंचा प्रश्न. तो उडवून लावण्यासारखा नाही आणि त्याचं उत्तर घरातल्या सगळ्यांना मिळायला हवं. त्यांनी गोळ्या खाल्ल्या हे खरंच आहे. पण त्या कधी खाल्ल्या, ते त्यांनाच विचारा. जोतिबाच्या यात्रेत, पाहुणे आले तेव्हा, मामाच्या गावाला गेल्यावर. लिमलेटची एक गोळी कागदात गुंडाळून दोन वेळा पुरवायची त्यांची पिढी. तुमच्या मुलाच्या तोंडात सकाळी दुकानातली, दुपारी शाळेतली आणि रात्री काकांची अशी गोळी जाते, आणि त्याआधी दुधात साखर, बिस्किटं, जॅम झालेलं असतं. गोळी बदलली असेल-नसेल, तिचा रतीब मात्र आता रोजचा झाला आहे.

म्हणूनच, घाबरायचं असलंच तर आधी साखरेला घाबरा. तुमच्या यादीत तिचं नावही नसेल, कारण तिला आकडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी मिळाव्यात आणि ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर अधिक चांगलं. सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसाला साधारण १४०० कॅलरी धरा. १० टक्के म्हणजे ३५ ग्रॅम साखर, ५ टक्के म्हणजे १७-१८ ग्रॅम. एक कडक गोळी चार-पाच ग्रॅमची असते आणि ती जवळजवळ सगळी साखरच असते. चार गोळ्या झाल्या की तो ५ टक्क्यांचा हिशोब तिथंच संपला, दुधातली साखर अजून मोजलेलीच नाही. या हिशोबात मध आणि गूळही साखरेतच धरायचे. गुळाबद्दल पुढं लिहिते, कारण कोल्हापुरात हे बोललं की लोकांना राग येतो.

दातांचं गणित वेगळं आहे. तिथं किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व. प्रत्येक वेळी गोड तोंडात गेलं की पुढचा अर्धा तास तोंडात आम्ल तयार होत राहतं आणि ते दाताचा वरचा थर खातं. जेवणानंतर एकदम दोन गोळ्या परवडल्या, पण दिवसभर तासातासाला एक नको. चघळायच्या चिकट टॉफ्या यात सगळ्यात वाईट, कारण त्या दाढेच्या खाचेत बसून राहतात.

आता आकडे. पाकिटावर बारीक अक्षरात घटकांची यादी असते. ज्याचं वजन जास्त तो घटक आधी, असा तिचा क्रम कायद्यानं ठरलेला आहे. म्हणजे पहिलं नाव साखरेचं आणि दुसरं लिक्विड ग्लुकोजचं असेल, तर पुढं फळांची कितीही चित्रं असली तरी आत काय आहे ते कळलं. त्या यादीच्या शेवटी किंवा खाली ‘परमिटेड सिंथेटिक फूड कलर’ असं लिहून कंसात आयएनएस क्रमांक, म्हणजे खाण्यात मिसळायच्या रंग-रसायनांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिलेले असतात. तुम्हाला वाचायची आहे ती एवढीच ओळ.

त्यातले चार आकडे एका चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवा: १०२, ११०, १२२, १२४. टारट्राझिन, सनसेट यलो, कारमॉइझिन, पॉन्सो ४आर. आपल्याकडच्या पिवळ्या, केशरी आणि लाल गोळ्यांत हेच जास्त आढळतात. भारतात त्यांना परवानगी आहे, पण ठरलेल्या मर्यादेत. मग वगळायचे का? २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना असे रंग आणि सोडिअम बेंझोएट मिसळलेलं पेय देऊन पाहिलं, तेव्हा काही मुलांची चुळबूळ वाढलेली दिसली. परिणाम सरासरीनं लहान होता आणि सगळ्या मुलांमध्ये सारखा नव्हता. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनंही हा पुरावा मर्यादित आहे असंच म्हटलं. तरीसुद्धा जुलै २०१० पासून युरोपात हे रंग असलेल्या पाकिटावर, मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो, असा इशारा छापावा लागतो. त्यानंतर तिथल्या अनेक कंपन्यांनी इशारा छापण्यापेक्षा बीट, गाजर, हळद यांचे रंग वापरायला सुरुवात केली. आपल्या पाकिटावर तसा इशारा नसतो, फक्त आकडा असतो. या रंगांनी गोळीला चव येत नाही, ती टिकत नाही आणि पोटाला काही मिळत नाही. ते फक्त डोळ्यांसाठी घातलेले असतात. म्हणून धोका लहान असला तरी तो घ्यायचं कारण मला दिसत नाही.

आणखी दोन आकडे चिठ्ठीत जोडा. १७१ म्हणजे टायटॅनिअम डायऑक्साइड, गोळीवरचा पांढराशुभ्र चकाकता थर. युरोपनं २०२२ मध्ये खाण्यातून तो बंद केला. १२७ म्हणजे एरिथ्रोसिन, चेरीसारखा गुलाबी-लाल रंग. अमेरिकेनं जानेवारी २०२५ मध्ये त्याची खाण्यातली परवानगी काढून घेतली.

आणि आता मैत्रिणीच्या यादीतले बाकीचे आकडे खोडा. अशा याद्यांत ३३० हटकून ‘कर्करोग करणारं’ म्हणून असतं. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, तेच लिंबात असतं. ही अफवा १९७६ च्या सुमारास फ्रान्समध्ये एका पत्रकातून निघाली. ते पत्रक एका रुग्णालयाच्या नावानं फिरवलं गेलं, रुग्णालयानं ते आपलं नाही असं सांगितलं, तरी ते फिरत राहिलं आणि शेवटी तुमच्या फोनपर्यंत पोचलं. ४४० म्हणजे पेक्टिन, फळांच्या सालीतून आणि गरातून काढतात. ३२२ लेसिथिन, बहुतेक सोयाबीनमधून. ५०० मध्ये आपला खाण्याचा सोडा येतो. १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग आणि १६२ बिटाचा. हे दिसले म्हणून पाकीट खाली ठेवू नका. उलट पिवळ्या गोळीवर १०२ ऐवजी १०० दिसला, तर ती गोळी त्यातल्या त्यात बरी. तुमच्याकडे मांसाहार वर्ज्य असेल तर जेलीच्या मऊ गोळ्या घेताना ठिपका बघा. त्यांत अनेकदा जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी, तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी.

बरणीतल्या सुट्या गोळ्यांवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून रुपयाऐवजी मिळणारी गोळी घेऊ नका. किराणावाल्याला सरळ सांगा, रुपया राहू दे, पुढच्या वेळी वळता करा, किंवा यूपीआयनं नेमके पैसे द्या. रतीबातला एक वाटेकरी एवढ्यानं कमी होतो आणि त्यासाठी घरात कुणाशी भांडावं लागत नाही.

आता गूळ. १८९५ साली शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. आजही दिवाळीच्या पाडव्याला मार्केट यार्डात गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढी चांगली वस्तू हाताशी असलेलं शहर फार नाही. पण घरी करताय म्हणून कुठलाही गूळ चालेल असं नाही. दुकानात सगळ्यात सुंदर दिसणारा, पिवळाधमक, जवळजवळ लिंबाच्या रंगाचा गूळ गिऱ्हाईक आधी उचलतं. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस म्हणजे सोडिअम हायड्रोसल्फाइट घालून आणलेला असतो. त्यामुळं गुळात गंधकाचा अंश राहतो, आणि दमा असलेल्या काही मुलांना तो बाधू शकतो. गोळीतला रंग टाळून त्याच्या जागी हा गूळ आणला, तर तुमची सगळी खटपट वाया जाईल.

गुऱ्हाळाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. एखाद्या रविवारी दोन्ही मुलांना घेऊन करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर जा. चुलवाणात चिपाडं कशी सारतात, काहिलीत रस कसा उकळतो, वर आलेली मळी झाऱ्यानं कशी काढतात, हे मुलांना बघू द्या. मळी वर यावी म्हणून जुनी पद्धत रानभेंडीच्या चिकट पाण्याची आहे, थोडा चुनाही घालतात. गुळव्याला विचारा, “पावडर न घातलेला गूळ मिळंल का?” हायड्रॉसला तिथं पावडरच म्हणतात आणि प्रश्न त्याला लगेच कळतो. असा गूळ तपकिरी, थोडा मऊ आणि वासाला खमंग असतो. पण नुसता रंग बघून फसू नका. जमीन आणि उसाचं वाण बदललं तरी गुळाचा रंग बदलतो आणि जुना गूळही काळवंडतो. कुणाकडून घेतला हे माहीत असणं जास्त भरवशाचं. वर्षाची बेगमी एकदम करायची असेल तर एक-एक किलोचे रवे, म्हणजे छोट्या ढेपा, घ्या, म्हणजे पावसाळ्यात सगळाच्या सगळा पाघळत नाही.

आणि गूळ म्हणजे औषध नाही, हे सासूबाईंना हळूच सांगा. त्यात लोह आणि खनिजं थोडी असतात, पण अंगाला लागण्याइतकं लोह मिळवायला मुलाला जेवढा गूळ द्यावा लागेल, तेवढा द्यायचा नसतो. शेंगदाण्याच्या चिक्कीच्या १० ग्रॅमच्या तुकड्यात जवळपास निम्मा गूळच असतो, म्हणजे गोडीच्या बाबतीत तो एका गोळीच्या बरोबरीचा. फरक राहिलेल्या निम्म्यात आहे. त्यात शेंगदाणे आहेत, प्रथिनं आहेत, चावून खावं लागतं, पोट भरल्यासारखं वाटतं आणि मूल दुसरा तुकडा लगेच मागत नाही. शिवाय तुकडा केवढा कापायचा हे तुमच्या हातात. घरच्या खाऊचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

मुलाला आंबटगोड गोळ्या आवडत असतील, बहुतेकांना आवडतातच, तर सुरुवात चिंचेच्या गोळ्यांपासून करा. १०० ग्रॅम बी काढलेली चिंच अगदी थोड्या गरम पाण्यात भिजवून कोळ काढा आणि गाळणीतून दाबून घ्या, पाणी जास्त झालं तर आटवत बसावं लागतं. त्यात १५० ग्रॅम चिरलेला गूळ, चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा सुंठ, पादेलोण आणि मीठ चवीपुरतं. मोठ्या मुलांसाठी चिमूटभर तिखट घातलं तर कोल्हापुरी जिभेला बरं वाटतं. स्टीलच्या जाड बुडाच्या भांड्यातच शिजवा. अ‍ॅल्युमिनिअममध्ये किंवा कल्हई नसलेल्या पितळेत चिंच शिजवू नये, आंबटानं धातू उतरतो. मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण भांड्याच्या कडा सोडून पळीभोवती गोळा व्हायला लागलं की उतरवा. कोमट झाल्यावर हाताला थेंबभर तेल लावून वाटाण्याएवढ्या गोळ्या वळा आणि जिरेपूड-पिठीसाखरेत हलकेच घोळवा. वाटाण्याएवढ्याच ठेवा. लहान मुलं गोळ्या मोजतात, वजन करत नाहीत. बोराएवढ्या एका गोळीपेक्षा वाटाण्याएवढ्या तीन मिळाल्या की ती खूश असतात आणि पोटात गोड कमी जातं. बरणी कोरडी असेल तर त्या दोन-तीन आठवडे सहज टिकतात.

चिक्की बिघडते ती बहुतेक वेळा गुळामुळं. दुकानात ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून वेगळा मागा. साध्या गुळाची वडी मऊ पडते, कटकन तुटत नाही. वाटीभर शेंगदाणे खमंग भाजून, टरफलं काढून दोन पाकळ्या करा. पाऊण वाटी गूळ आणि चमचाभर तूप मंद आचेवर वितळवा, पाणी घालू नका. पाकाचा थेंब गार पाण्याच्या वाटीत टाकून बघा. दाताखाली तो कट्ट तुटला तर पाक झाला. चघळताना ताणला, दाताला चिकटला, तर अजून अर्धा-एक मिनिट थांबा. शेंगदाणे घालून लगेच तूप लावलेल्या पोळपाटावर ओता आणि जमेल तितकी पातळ लाटा. गरम असतानाच सुरीनं रेघा मारा, गार झाल्यावर त्या जागी तुटेल. पाकाजवळ मुलांना येऊ देऊ नका. उकळत्या पाण्यापेक्षा हा पाक जास्त तापतो आणि कातडीला चिकटून बसतो. त्यांना शेंगदाणे सोलायला बसवा.

मुलीसाठी मात्र चिक्की नको. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे किंवा अर्धे शेंगदाणे आणि कडक गोळ्या देऊच नयेत, श्वासनलिकेत अडकतात. तिला राजगिऱ्याच्या लाह्या गुळाच्या मऊ पाकात घालून वळलेले छोटे लाडू द्या, किंवा तीळ आणि दाण्याचं बारीक कूट घालून केलेल्या गूळपापडीच्या मऊ वड्या.

जेलीची हौस असेल तर तीही घरी होते. चायना ग्रास नावाच्या पांढऱ्या पट्ट्या किराणा दुकानात मिळतात, त्या समुद्री शेवाळापासून बनतात, म्हणजे शाकाहारी. १० ग्रॅम पट्ट्या पाण्यात भिजवून पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा. गॅस बंद करा आणि मगच त्यात कोकम सरबत किंवा गाळलेला आंब्याचा रस घाला, सगळं मिळून अर्धा लिटर होईल एवढा. आंबट रस उकळीत घातला तर जेली नीट धरत नाही, इथंच बहुतेकांचं चुकतं. ताटात ओतून ठेवा, फ्रिजशिवायही घट्ट होते. लालभडक हवी असेल तर चमचाभर बिटाचा रस, तोही शेवटीच, कारण फार शिजला की त्याचा रंग विटतो. मुलीला देताना ही जेली बारीक चिरून द्या, अख्खा चौकोन नाही.

आणि ज्याला करायला वेळ लागत नाही तेही लक्षात ठेवा. उसाचे करवे, बोरं, पेरूच्या फोडी मीठ लावून, चिरमुरे-फुटाणे, गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं ताजं दूध. एप्रिल-मेमध्ये पिकल्या आंब्याचा रस तूप लावलेल्या ताटात पातळ पसरा, वर मलमलचं फडकं बांधा आणि गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं द्या. साखर अजिबात न घालता आंबापोळी होते आणि पट्ट्या कापून ठेवल्या तर पावसाळ्यात ती टॉफीसारखी पुरवता येते. मुलीचं बोरन्हाण अजून करणार असाल तर त्यातही हल्ली चॉकलेटं आणि रंगीत गोळ्या ओतायची पद्धत पडली आहे. ती सोडा आणि बोरं, करवे, चिरमुरे, पांढरा हलवा एवढंच ठेवा. गुढीपाडव्याच्या साखरेच्या माळाही पांढऱ्याच आणा.

मुलगा लपून खातो, या वाक्यावर मी पत्र वाचताना थांबले. सगळंच बंद केलं की असंच होतं, आणि लपून खाणारं मूल पाकीट वाचत नाही, मोजत नाही, नंतर चूळही भरत नाही. म्हणून बंदी उठवा आणि वेळ ठरवा. आठवड्यातून एक दिवस, समजा रविवारी, रंकाळ्यावर फिरायला गेलात की दुकानातली एक गोळी त्यानंच निवडायची. पण निवडण्याआधी तुमच्या चिठ्ठीतले आकडे त्यानंच पाकिटावर शोधायचे. सहा वर्षांच्या मुलाला आकडे ओळखता येतात आणि हा शोध त्यांना मनापासून आवडतो. बाकीच्या दिवशी घरचा खाऊ, तोही जेवणाला लागून. डबा मुलाचा हात पोचेल अशा जागी ठेवा, पण त्यात एका दिवसाचाच खाऊ असू द्या.

काकांना दोष देऊ नका. दिवसभर राबून आलेल्या माणसाला पुतण्या धावत येऊन खिसा चाचपतो, याचा आनंद मोठा असतो, तो त्यांच्याकडून काढून घेऊ नका. “भावोजी, येताना गोळ्यांऐवजी दहा रुपयांचे फुटाणे आणा, नाहीतर दोन केळी,” असं सांगा, आणि हे मुलांसमोर सांगू नका. सासूबाईंना चिंचेच्या गोळ्या वळायला बसवा. त्यांच्या लहानपणी त्यांची आई काय करायची, हेही त्यांना विचारा. आवळा मीठ लावून वाळवायचा कसा, आल्याची वडी कशी थापायची, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त येत असेल. खाऊचा डबा त्यांच्या ताब्यात दिला, तर घरातला निम्मा वाद संपेल असं मला मनापासून वाटतं.

शाळेतल्या वाटपाचं राहिलं. दुसऱ्याच्या वाढदिवसाची गोळी त्याला घेऊ द्या, तिथंच नको म्हणायला लावू नका, वर्गात एकटा पडतो. घरी आणली तर ती रविवारच्या वाट्यातली धरायची, एवढं आधीच ठरवून ठेवा. तुमच्या मुलाच्या वाढदिवसाला राजगिऱ्याच्या वड्या कागदात गुंडाळून पाठवा, पण आधी वर्गशिक्षिकेला विचारून घ्या. चिक्की किंवा दाण्याचं कूट घातलेलं काहीही वर्गात वाटू नका, एखाद्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते. शिक्षिका खाऊला नको म्हणाल्या तर पेन्सिल आणि खोडरबर द्या. पुष्कळ शाळा आता तेच मागतात.